रामटेके बाईंचे गाल

माझे गाल आयुष्यात कधी कमी झाले नाहीत. लग्नाच्या फोटोत ते आहेत, शाळेने निरोप दिला त्या फोटोत आहेत, आणि आता दात गेले तरी ते आपापल्या जागी बसून आहेत. रामटेके बाई मला म्हणायच्या, "कुसुम, तुह्या एका गालात एका बाईचा संसार होऊन जाते. दुसरा मले उसना दे." मला हसू यायचं, आणि मग त्यांच्या तोंडाकडे पाहिलं की हसावं की नाही ते कळायचं नाही. त्यांचे गाल होते त्या जागी तेव्हा नुसते दोन खळगे उरले होते.

आम्ही दोघी नंदनवन वस्तीच्या अलीकडच्या एका मुलींच्या शाळेत शिकवायचो. सत्तर-पंच्याहत्तर सालचा तो काळ. त्या भूगोल, मी मराठी. विमल रामटेके मूळच्या कामठीच्या, विणकराच्या घरातल्या. नव्याने रुजू झाल्या तेव्हा चेहरा चांगला गोल, हसल्या की गालाला खळी पडायची. मग एका पावसाळ्यात त्यांना खूप ताप आला. तो गेला आणि जाताना गाल घेऊन गेला, असं त्या सांगायच्या. वर्षा-दोन वर्षांत कपाळ, गाल, मान, दंड सगळं आटत गेलं. गळ्याच्या शिरा दिसू लागल्या, डोळे मोठे झाले. कमरेखाली मात्र बाई भरत चालल्या. खुर्चीत बसलेल्या दिसल्या की आजारी वाटायच्या, आणि फळ्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या की खात्यापित्या घरच्या.

त्यांचा शिंपी वैतागला होता. ब्लाउज शिवायला टाकला की तो विचारायचा, हा तुमच्या मुलीचा का? परकर टाकला की विचारायचा, हा आईचा का? बाई सांगायच्या, हो रे बाबा, मधलं माणूस आमच्या घरात नाही.

शाळेत सल्ल्यांना तोटा नव्हता. तूप खा, केळी खा, अंडी खा, डिंकाचे लाडू खा. हे सल्ले देणाऱ्या बाया त्याच दमात माझ्याकडे वळून म्हणायच्या, इंगोले बाई, तुम्ही जरा कमी खात जा. आम्ही दोघींनी सगळ्यांचं ऐकून पाहिलं. रामटेके बाईंनी हिवाळाभर तूप खाल्लं, मी हिवाळाभर सोडलं. हिवाळा संपला तेव्हा त्यांचे गाल होते तिथेच आत होते, माझे होते तिथेच बाहेर, आणि परकराची नाडी दोघींनाही पुरेनाशी झाली होती. "वरच्या मजल्याचं रेशन खालच्याच मजल्यावर उचलून राहिले," असं त्या म्हणाल्या आणि उरलेले लाडू माझ्या डब्यात टाकले. मी ते वाया जाऊ दिले नाहीत.

वर्गात त्यांची भाषा पुस्तकी असायची, एक शब्द इकडचा तिकडे नाही. स्टाफरूमचा उंबरा ओलांडला की त्या कामठीच्या व्हायच्या. माझा आठवीचा वर्ग त्यांच्या वर्गाला लागून होता, मध्ये लाकडी फळ्यांची भिंत, त्यामुळे माझ्या मुलींना मराठीच्या तासाला भूगोल फुकट मिळायचा. एकदा त्या नदी शिकवत होत्या आणि मागच्या बाकावरच्या एका मुलीने उठून सरळ विचारलं, बाई, तुमच्या चेहऱ्याला काय झालं? पलीकडचा वर्ग चिडीचूप झाला. इकडे मीही कविता मध्येच थांबवली आणि भिंतीच्या फटीला डोळा लावला. मुलींना वाटलं मी शिस्तीसाठी बघते आहे.

रामटेके बाईंनी खडू खाली ठेवला. गालाच्या खळग्यावर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "नदी उगमाजवळ काय करते? खनन." मग हात मानेवरून, खांद्यावरून खाली आणला. "मधल्या टप्प्यात? वहन." आणि शेवटी कमरेवर एक थाप मारून म्हणाल्या, "आणि मुखाजवळ संचयन. हा त्रिभुज प्रदेश. वहीत उतरवून घ्या." मुलींना हसायची परवानगी आहे की नाही ते कळेना. बाईच आधी हसल्या तेव्हा दोन्ही वर्ग हसले. त्या वर्षी सहामाहीत नदीच्या प्रश्नाला एकाही मुलीचे मार्क गेले नाहीत. माझ्या विषयात ही सोय नव्हती, नाहीतर अतिशयोक्ती अलंकाराला उदाहरण म्हणून मीच उभी राहिले असते.

त्यांना वाईट वाटत नव्हतं असं नाही. फार वाटायचं. स्टाफरूममध्ये दाराजवळ एक आरसा होता, त्यासमोरून जाताना त्या नेमक्या पदर सारखा करायला खाली बघायच्या. एकदा मला म्हणाल्या, लहाना मुलगा मांडीवर बसतो पण गालाला गाल लावत नाही, टोचतं म्हणतो. एवढं बोलून त्यांनी लगेच दुसरा विषय काढला.

आता शनिवारचं सांगते. शनिवारी सकाळची शाळा. सुटल्यावर वह्या तपासायच्या म्हणून आम्ही सगळ्या थांबायचो, पण खरं कारण मुरमुरे. गृहविज्ञानाच्या खोलीतली मोठी परात यायची. मुरमुरे, कच्चं तेल, तिखट, कांदा, फल्लीदाणे, आणि वरून मूठभर सांबार, म्हणजे पुण्या-मुंबईकडची कोथिंबीर. कालवायचं काम रामटेके बाईंचं. दुसऱ्या कुणी कालवलं तर सगळं तेच असून ती चव यायची नाही. त्या पदर खोचून उभ्या राहायच्या, दोन्ही हात परातीत घालायच्या, आणि पहिली मूठ माझ्या हातावर ठेवून म्हणायच्या, "मीठ पाह्य वं." मी दोन मुठी घ्यायचे. मिठाचा अंदाज एका मुठीत येत नाही.

यात एक अडचण होती. शनिवारी मला उपास असायचा. सासूबाईंनी तो लावून दिला होता, मारुतीसाठी नव्हे, माझ्या अंगासाठी. मी घरून निर्जळी तोंड करून निघायचे आणि अकरा वाजता परातीशी बसायचे. संध्याकाळी सासूबाई शेजारणीला सांगायच्या, सून उपास करते पण हिचं हाड मोठं आहे.

बाईंचे गाल आत गेले तशी शाळेत कुजबुज सुरू झाली. त्या काळी आमच्याकडे बसलेल्या गालांचा एकच अर्थ होता, टीबी. कुणी तसं तोंडावर बोललं नाही. एका शनिवारी संस्कृतच्या मुळे बाईंनी परात आल्यावर हात मागे घेतला आणि सांगितलं, आज माझा उपास आहे. पुढच्या शनिवारी शिवणाच्या बाईंना उपास लागला. मग गणिताच्या. मग स्वतः मोठ्या बाईंना, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकेला. बघता बघता साऱ्या स्टाफरूमला मारुती पावला. रामटेके बाई कालवायच्या, परात मध्ये ठेवायच्या, आणि सगळ्या आपापल्या वह्यांत माना घालून बसायच्या. त्या खोलीत खरा उपास एकटीचा, माझा, आणि खाणारीही मी एकटीच.

लोक नंतर मला म्हणाले की इंगोले बाई मोठ्या मनाच्या, तेव्हा त्यांनीच साथ दिली. तसं काही नव्हतं. टीबी असेल अशी शंका मलाही येऊन गेली होती, पण ती मूठ तोंडात गेल्यावर आली. आणि सकाळपासून पोटात काही नसलेल्या बाईने भरल्या परातीसमोर मुळे बाईंसारखा विवेक कसा दाखवावा?

शेवटी मीच त्यांना मेडिकलला, म्हणजे मेडिकल कॉलेजच्या सरकारी दवाखान्यात, घेऊन गेले. सोबत म्हणून गेले, पण बाहेरच्या माणसाने मलाच वजनकाट्याकडे ढकललं. मी पेशंट नाही हे सांगेपर्यंत काटा शेवटाला जाऊन थांबला होता आणि रांगेतल्या चार माणसांनी तो वाचला होता. आतल्या डॉक्टरांनी बाईंना खूप वेळ तपासलं. छातीचा फोटो काढला, थुंकी तपासली, रक्त-लघवी तपासली, मग शिकाऊ पोरांना बोलावलं. ती पोरं एकामागून एक येऊन बाईंच्या गालाकडे आणि कमरेकडे बघत होती. बाई शांत बसून होत्या. वर्गात नकाशा लावल्यावर मुली बघतात तसंच हे, असं त्या मला हळूच म्हणाल्या.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. टीबी नाही. कुणाला लागणारं नाही. शरीराच्या वरच्या भागातली चरबी विरून जाते आणि खाली साठते असा एक क्वचित दिसणारा विकार असतो, त्याला औषध नाही. साखर मात्र रक्तात वाढली आहे, ती सांभाळायची, आणि मूत्रपिंडावर लक्ष ठेवायचं. साखरेचं ऐकून मला रागच आला. बाईंच्या दुप्पट मी, लाडू खाल्ले मी, आणि साखर त्यांना. मी डॉक्टरांना तसं बोललेही. ते म्हणाले, चरबी किती आहे यापेक्षा ती कुठे आहे याला कधीकधी जास्त महत्त्व असतं. बाहेर पडताना रामटेके बाई म्हणाल्या, माझ्या चरबीची बदली झाली म्हणायची, वरून खाली. मी काही अर्ज केला नव्हता, हुकूमच आला.

डॉक्टरांनी टीबी नसल्याचं लिहूनही दिलं होतं. मला वाटलं प्रश्न मिटला. परतीच्या रिक्षात मी सांगितलं, सोमवारी हा कागद स्टाफरूमच्या फळ्यावर लावून टाक, सगळ्यांचे उपास सुटतील. रिक्षा मुख्यतः मी व्यापली होती. बाई कोपऱ्यात बसून बाहेर बघत होत्या.

"नाही लावणार," त्या म्हणाल्या.

काहून, असं मी त्यांच्याच भाषेत विचारलं. तेव्हा त्यांनी वडिलांचं सांगितलं. कामठीला मागाच्या कामावरून सुटल्यावर वडील ज्या हॉटेलाबाहेर चहा प्यायचे, तिथे त्यांच्यासाठी वेगळा कप होता. तो बाहेर खिळ्याला टांगलेला असायचा, पिऊन झाल्यावर स्वतःच धुऊन परत टांगायचा. दीक्षा घेतल्यावर ते पांढऱ्या कपड्यात त्याच हॉटेलात आत गेले, बाकावर बसले आणि चहा मागितला. मालकाने थोडा वेळ पाहिलं आणि दिला. वडील घरी येऊन म्हणाले, चहा काही धड नव्हता, पण मी दोन घेतले.

"माह्या बापानं तिथी कागद नव्हता दाखवला," रामटेके बाई म्हणाल्या. "मी कागद लावला अन् मंग कोणी खाल्लं, तं ते कागदाले खाल्लं. माह्या हातचं नाही खाल्लं. अन् उद्या दुसरं काही झालं की दुसरा कागद मागन."

मी म्हणाले, मी तर खाते ना. तेव्हा त्या पहिल्यांदा माझ्याकडे वळल्या. "तू मैत्रीण म्हणून नाही खात वं. तुले भूक लागते म्हणून खाते. म्हणूनच तं मले बरं वाटते." ही माझी स्तुती होती की काय होतं ते मी आजपर्यंत ठरवू शकले नाही.

पुढच्या शनिवारी परात आली नाही. त्याऐवजी रामटेके बाई घरून एक मोठं पातेलं घेऊन आल्या, फडक्यात बांधलेलं. टेबलाच्या मध्ये ठेवून त्यांनी झाकण काढलं. आत साबुदाण्याची खिचडी होती.

"एवढ्या बायाइले उपास असते," त्या म्हणाल्या, "म्हणून साबुदाणा भिजवला. आमच्यात उपास नाही, पहिल्यांदाच केला. गोड मानून घ्या."

मुरमुऱ्याला उपासाची सबब चालत होती. उपासाच्याच पदार्थाला काय सबब सांगणार? शिवणाच्या बाईंनी पोट बिघडल्याचं पुटपुटायला सुरुवात केली आणि अर्ध्यावर सोडून दिलं. मोठ्या बाईंना एकदम कुलपाची किल्ली आठवली आणि त्या उठून गेल्या. रामटेके बाई पातेल्यापाशी उभ्या होत्या, हातात डाव. त्यांनी डाव या हातातून त्या हातात घेतला. मी ते बघितलं, आणि मला आयुष्यात एकदाच भरल्या पातेल्यासमोर भूक लागली नाही.

मुळे बाई वाईट नव्हत्या. त्यांच्या पाठचा भाऊ टीबीने गेला होता, त्यांच्याच मांडीवर. त्या वहीत बघून बोलल्या, पण बोलल्या.

"विमलबाई, मला भीती वाटते हो. भाऊ असाच वाळत गेला होता."

"मंग तसं म्हणा ना," रामटेके बाई म्हणाल्या. आवाज मऊ झाला होता. "मारुतीले कायले मंधात घेता? मले टीबी नाही, मुळे बाई. मेडिकलमध्ये तपासलं. कागद हाय घरी, पाह्यचा असन तं सोमवारी आणते. पण मंग खिचडी आज परत नेते."

मुळे बाई बऱ्याच वेळाने उठल्या. त्यांनी बशी घेतली नाही. ओंजळ पुढे करायला गेल्या, मग काय वाटलं कोण जाणे, हात मागे घेऊन बशी आणली आणि पुढे धरली. रामटेके बाईंनी वाढलं. मुळे बाईंनी घास तोंडात घातला, चावला, आणखी चावला, आणि डोळे पुसत म्हणाल्या, "साबुदाणा फार भिजलाय. गोळा झालाय याचा."

"मी सांगतलं होतं, पहिल्यांदाच केला म्हणून," रामटेके बाई म्हणाल्या आणि मटकन खुर्चीत बसल्या. त्या खिचडीचा खरोखरच गोळा झाला होता. मी तीन वेळा घेऊन खात्री केली.

पुढच्या शनिवारी परात परत आली आणि एकेकीचे उपास सुटत गेले. सगळ्यांचे नाही. शिवणाच्या बाई नेहमी बशी घेऊन खिडकीपाशी जायच्या आणि ती रिकामी कशी व्हायची ते खिडकीखालच्या चिमण्यांना माहीत. मोठ्या बाईंचा मारुती तर त्यांच्या निवृत्तीपर्यंत टिकला. रामटेके बाईंनी त्यांच्यासाठी दर शनिवारी एक बशी वेगळी भरून ठेवली. ती शेवटी मला मिळायची, त्यामुळे मी कधी तक्रार केली नाही. तो कागद त्यांनी कुणाला दाखवला नाही. मुळे बाईंनीही मागितला नाही.

पुढे माझी शाळा सुटली, आम्ही घर बदललं, भेटी कमी झाल्या. बस स्टँडवर दिसल्या की त्या लांबूनच ओरडायच्या, गाल हायेत ना वं जाग्यावर? ऐंशीनंतर कधीतरी डॉक्टर म्हणाले होते ते खरं झालं. मूत्रपिंडं थकली. बाईंना मेडिकलला ठेवलं आणि मीठ बंद केलं. मी भेटायला गेले तेव्हा त्यांचे यजमान बाहेर औषधं आणायला निघाले होते. बाई उशीला टेकून बसल्या होत्या. चेहरा आणखी लहान झाला होता, पाय सुजून चादरीखाली उंच दिसत होते. "संचयन संपलं," त्या पायाकडे बोट करून म्हणाल्या, "आता पूर आला." निघताना त्यांनी मला फर्माइश केली की पुढच्या खेपेला मुरमुरे आण, कांदा चिरून आण, सांबार विसरू नोको.

मी सगळं घेऊन गेले. तेलाची बाटली, तिखट आणि मिठाची पुडीही नेली. डॉक्टरांनी त्यांना बंद केलं होतं हे माहीत होतं, पण मुरमुरे मला खायचे होते. त्यांनी मांडीवर वर्तमानपत्र पसरून घेतलं आणि मी समोर मांडलं त्यातलं एकेक टाकलं. त्यांच्या हातात तेव्हा नुसती हाडं आणि शिरा होत्या. तरी कालवायची तऱ्हा तीच, खालून वर, खालून वर. शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीनेही मान वळवून पाहिलं.

"मीठ पाह्य वं," त्या म्हणाल्या आणि पहिली मूठ माझ्या हातावर ठेवली.

मी तोंडात टाकली. मीठ नव्हतंच. मुरमुऱ्यात मुळातच असतं तेवढं, बाकी काही नाही. इतक्या वर्षांत या बाईंचं मीठ कधी चुकलं नव्हतं. आता विसरल्या, आता यांना चवही आठवत नाही, असं मला वाटलं. मी बरोबर आहे म्हणाले आणि नेहमीसारखी दुसरी मूठ घेतली.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या.

"खोटं बोलून राहिली तू," त्या म्हणाल्या. "आज पहिल्यांदा भूक नसताना खाऊन राहिली."

माझं तोंड भरलेलं होतं, आणि डोळेही.

"मीठ मी टाकलंच नाही. टाकलं असतं तं तू एकटीच खात बसली असती. सरक थोडी."

मी खाटेवर सरकले, मला सरकता येतं तेवढी. त्यांनी कागद दोघींच्या मध्ये ओढला आणि हात घातला.